सांगली : कृष्णाकांठचें घर

मुलें नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलीं, म्हणजे मागें राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसांनीं गांवींच राहावें कीं मुलांकडे जावें, हा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो. आमच्या सांगलीच्या आत्याबाईंबाबत तोच निघाला, म्हणून गेल्या कार्तिकांत मी चार दिवस त्यांच्याकडे राहून आलों.

मोठ्या शहरांच्या मानानें सांगली आटोपशीर. गांवभागांतील आत्याबाईंच्या घरापासून गणपतीचें देऊळ आणि कृष्णेचा घांट हीं दोन्ही पायीं जाण्याजोगीं. १८०१ मध्यें मिरजेपासून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं येथें राजधानी केली. कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ पाहून, तसें कांहीं मराठींत करावें असें त्यांच्या मनांत आलें. आणि त्यांच्याच आश्रयानें १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमिदिन त्याचेंच स्मरण होय.

दुसऱ्या दिवशीं आम्ही जवळच्या हरिपुरास, कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलों. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचें हें जन्मगांव. येथील जमिनींत पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. ती वर्षानुवर्षें टिके. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून त्या पेवांची फार हानि झाली. ज्या नदीनें गांवास घांट, देऊळ आणि व्यापार दिला, तिनेंच हेंहि केलें.

परततांना आयर्विन पुलावर थांबलों. हा पूल १९२९ चा. पावसाळ्यांत साऱ्या गांवाचे डोळे येथील पाण्याच्या खुणेकडे लागलेले असतात. धोक्याची पातळी ४५ फुटांची; ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. त्या वेळीं आत्याबाईंच्या माजघरांतील कोनाड्यापर्यंत चढलेल्या पाण्याचा डाग अजून भिंतीवर आहे.

तो दाखवून मीं म्हटलें, “आत्याबाई, आतां पुण्यास आमच्याकडे चला.”

त्या म्हणाल्या, “अरे, पुण्यास देवळांत जायचें तरी कोणाला गाडी काढ म्हणावें लागेल. इथें माझी मी जातें. पूर एखाद्या वर्षीं आठ दिवस येतो. बाकीचे दिवस मीं कोणाच्या ओंजळीनें पाणी प्यावें?”

मला उत्तर सुचलें नाहीं. म्हातारपणीं स्वतःच्या पायांवर देव, नदी आणि चार माणसें गांठतां येतात तो गांव राहण्यास चांगला, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. आणि भिंतीवरचा डागहि खरा होता. अखेर ठरलें तें असें : स्वयंपाकघर व देवघर माडीवर न्यावयाचें, आणि आषाढ-श्रावण हे दोन महिने त्यांनीं आमच्याकडे काढावयाचे.

हें मान्य करतांना त्यांनीं एक अट घातली. सांगलीच्या देवळांत चतुर्थीच्या आधींच, गाजावाजा न करतां, चोरगणपति बसतो. “तो बसायच्या आंत मला घरीं आणून सोड,” त्या म्हणाल्या. मीं तें कबूल केलें.