सीटवर कुणी आहे का?

दारावर पिवळं कार्ड लटकलेलं होतं. गवत ८ इंचांच्या वर गेलंय, ७ दिवसांत कापा, नाहीतर आम्ही माणूस पाठवू आणि बिल तुम्हाला लावू. मी ते कार्ड फ्रीजवर चिकटवलं आणि नवऱ्याला काही बोलले नाही. तो सांगलीत होता. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मार्चअखेर मिळेल त्या तिकिटावर गेलेला. त्याच्या डोक्याला तेवढं पुरेसं होतं.

ओहायोत एप्रिलचा पाऊस सुरू झाला की गवत बघता बघता वाढतं. आमच्या घरामागे अर्धा एकर आहे, म्हणजे २० गुंठे. बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय लावता?"

"गवत."

"आणि जनावरं?"

"नाहीत."

ते बराच वेळ गप्प होते.

एवढं कापायला बसून चालवायचा मोअर आहे. छोट्या ट्रॅक्टरसारखा दिसतो, पोटाखाली पाती फिरतात. तीन वर्षांत मी त्यावर एकदाही बसले नव्हते. ते त्याचं खातं. शनिवारी सकाळी गॅरेज उघडलं, सीटवर बसले, पेडल दाबलं, किल्ली फिरवली.

काही नाही. आवाजच नाही.

नेमका तेव्हाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याकडे नऊ, त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मागे दवाखान्याचा पॅसेज, कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. गॅरेज दिसताच तो म्हणाला, "पेट्रोल जुनं झालं असेल. हिवाळाभर टाकीत पडून होतं ना. कार्बोरेटर चोक झाला असणार. नाहीतर प्लग. ऑक्टोबरमध्ये तर व्यवस्थित चालत होता. तू नक्की नीट करतेयस ना?"

त्या शेवटच्या वाक्यावर मी फोन ठेवला. रेंज गेली असं नंतर सांगितलं.

माझ्या बाबांची पिठाची गिरणी होती. ती बंद पडली की डबे घेऊन आलेली माणसं सल्ले द्यायला लागायची. बाबा कुणाचं ऐकायचे नाहीत. आधी लाईट आहे का, मग फ्यूज, मग मोटर, मग पट्टा. वीज जिथून येते तिथून निघायचं आणि ती जिथे अडते तिथे थांबायचं.

त्या हिशोबाने पेट्रोल आणि प्लग फार पुढचे. सेल मारल्यावर इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तर ते बघायचं. इथे सेलच लागत नव्हता. बॅटरी उतरलेली असती तर निदान सोलेनॉइडची टकटक आली असती. तरी बॅटरीपासूनच सुरुवात केली. ती सीटखालीच असते. सीट उचलताना बिजागरी करकरली. तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं. मल्टीमीटर लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुतली, पुन्हा आवळली. फ्यूज काढून बघितला, शाबूत होता.

मग मॅन्युअल उघडलं. अशा यंत्रात किल्ली आणि सेल यांच्यामध्ये सुरक्षेचे स्विच असतात. प्रत्येक मॉडेलची रचना थोडी वेगळी. आमच्या मोअरला तीन गोष्टी लागतात: ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं, पात्यांचा क्लच बंद, आणि सीटवर माणूस. एकाचाही होकार नसेल तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही.

पेडल दाबलेलं होतं. क्लच बंद होता. आणि सीटवर मी होते की!

नवरा ८८ किलोचा. मी ४७. सीटवर नुसतं न बसता दोन्ही हातांनी चाकावरच्या पत्र्याला धरून स्वतःला खाली रेटलं आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धूर आला, चालू झालं. हात सैल सोडले, बंद. यंत्राच्या मते सीटवर कुणीच नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईला आता हेही ऐकून घ्यायचं, असं वाटून मला एकटीलाच हसू आलं.

व्हिडिओंमध्ये सोपे उपाय सापडतात. स्विचच्या दोन वायरी जोडून टाका, झालं. घरात ९ किलोची बासमतीची पिशवीही होती, तीही सीटवर ठेवून पाहायचा मोह झाला. पण तो स्विच कशासाठी आहे? उतारावर मोअर कलंडला, माणूस खाली पडला, तर पाती थांबावीत म्हणून. वायरी जोडल्या की मी पडल्याचं त्याला कळणारच नाही.

सीट पुन्हा उचलली. बिजागरी गंजलेली, स्प्रिंगच्या खाली गेल्या वर्षीचं गवत चिखलासकट वाळून दगड झालेलं. ८८ किलोखाली ते दबत होतं, माझ्याखाली नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढलं, बिजागरीत तेल मारलं, सीट पन्नासदा वरखाली केली. मग बसले. सीट अलगद खाली गेली. पहिल्या सेलला इंजिन सुरू.

मोकळ्या जागी नेऊन पाती सुरू केली आणि जागच्या जागी जरा उठले. इंजिन तत्काळ बंद पडलं. ते बंद पडल्याचा मला जितका आनंद झाला, तितका चालू झाल्याचा झाला नव्हता.

थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. "प्लग काढलास का? कितीचा पाना लागतो सांगू?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो गेले तीन आठवडे एका खाटेशेजारी बसून होता. डॉक्टर म्हणत होते वाट बघा. त्याच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. दूरवरच्या गॅरेजमधला एक मोअर तेवढा होता, तोही मी आत्ता दुरुस्त करून टाकला होता.

"चालू झाला," मी म्हटलं. "सीटचा स्विच होता. पण पातं किती उंचीवर ठेवू?"

मॅन्युअलचं ते पान मांडीवरच उघडं होतं.

"तीन इंच," तो लगेच म्हणाला. "पण फार वाढलंय ना? मग एकदम नको कापू. एका वेळी वरचा एक तृतीयांशच. आधी सगळ्यात उंच ठेव, मग दोन-तीन दिवसांनी खाली आण. आणि ओलं असताना नको, गठ्ठे होतात…"

तो बोलत राहिला. मी सीटवर बसून ऐकत राहिले.