एका जिवाचा भिडू

लोककथा, लावणी, जाहिरात, चित्रपट या साऱ्यांना मराठीच्या अभ्यासक्रमात कधी ना कधी जागा मिळाली. पडद्यावरच्या खेळांना मात्र आपण अजून उंबऱ्याबाहेरच ठेवले आहे. आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक नांदेडला, दुसरा लातूरला. मध्ये लोहा आणि अहमदपूर. खेळाडू म्हणून आमची योग्यता शून्य. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या फोनवरच्या बोलण्यात कादंबऱ्यांतील पात्रांइतक्याच वेळा एका काल्पनिक कीटकाचे नाव आले आहे. त्याचे नाव शेडिंजा. विद्यार्थ्यांनी आमची त्याच्याशी ओळख करून दिली. त्याला रणांगणात कसे उतरवावे हा प्रश्न वरकरणी पोरखेळाचा वाटेल, पण तो आम्हांला थेट काव्यशास्त्राच्या दारात नेऊन सोडतो.

'पोकेमॉन' हा मूळचा जपानी खेळ. त्याचे पहिले दोन भाग 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात आले. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि प्राणी पकडून सांभाळण्याची मूळ कल्पना त्या नादातून आली. आपल्याकडे तो आधी खेळ म्हणून आलाच नाही. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून मालिका सुरू झाली, आणि गावोगावची मुले त्या प्राण्यांची नावे पाढ्यांसारखी म्हणू लागली. खेळण्याचे यंत्र घेणे आमच्या भागात फारच थोड्यांना परवडणारे होते. नेट कॅफेतल्या संगणकावर कुणीतरी चढवून ठेवलेली नक्कल, तिच्यावर तासाच्या भाड्याने खेळायचे, आणि मध्येच वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. एका विद्यार्थ्याने शेडिंजाला 'लोडशेडिंगचा देव' म्हटले होते ते त्या दिवसांच्या आठवणीने. पुढे 2011 पासून 'पोकेमॉन शोडाउन' हे संकेतस्थळ आले. तेथे काही विकत घ्यावे लागत नाही, प्राणी पकडावे किंवा वाढवावे लागत नाहीत. सगळे प्राणी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या हाती. उरते ती केवळ योजना. साध्या मोबाइलवर खेळणारा लातूरचा मुलगा आणि ओसाकाचा मुलगा तेथे एकाच पातळीवर बसतात.

खेळाची घडण थोडक्यात अशी. प्रत्येकाजवळ सहा भिडू. एकेरी सामन्यात एका वेळी एकच समोर येतो. दर फेरीला दोन्ही खेळाडू मनातल्या मनात ठरवतात: चाल करायची की भिडू बदलायचा. दोघांचे निर्णय एकदमच उघड होतात. प्रत्येक भिडूची एक किंवा दोन जाती असतात, अग्नी, जल, खडक, भूत अशा. 2013 पासून त्या एकूण अठरा आहेत. कोणती जात कोणाला भारी, कोणती हलकी, याचे कोष्टक ठरलेले. आणि प्रत्येकाच्या जीवनशक्तीचे काही गुण, ज्यांना मुले 'एचपी' म्हणतात. ब्लिसी नावाच्या गुबगुबीत प्राण्याचे एचपी 714 पर्यंत जातात. शेडिंजाचे एचपी 1. पहिल्या पायरीवर 1 आणि शंभराव्या पायरीवरही 1.

हा एकजीवी प्राणी जन्मतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. 2002 साली जपानात आलेल्या 'रूबी' आणि 'सफायर' या भागांत निनकाडा नावाचा, जमिनीखाली राहणारा कीटक आहे. विसाव्या पायरीवर त्याचे रूपांतर निंजास्क या वेगवान पंखधारी प्राण्यात होते. त्या क्षणी खेळाडूच्या चमूत एक जागा रिकामी असेल, तर कोणतीही सूचना न देता तेथे दुसरा एक प्राणी येऊन बसतो. ती निंजास्कने टाकलेली कात. रिकामी, श्वास नसलेली, पाठीला चीर पडलेली. त्या चिरेतून आत डोकावणाऱ्याचा आत्मा ती ओढून घेते, अशी खेळातली दंतकथा. त्याचे जपानी नाव 'नुकेनिन' हे टाकलेली कात आणि निंजा या दोन शब्दांच्या सांध्यातून आले आहे. सिकाडाची कात हे जपानी वाङ्मयातले फार जुने प्रतीक. 'गेंजी मोनोगातारी'च्या तिसऱ्या प्रकरणाचे नावच तेच आहे: नायक खोलीत शिरतो तेव्हा ती स्त्री निघून गेलेली असते आणि मागे राहते तिचे वस्त्र. पुढे निंजांच्या कथांत वस्त्र मागे ठेवून निसटण्याच्या युक्तीलाही हेच नाव मिळाले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 1666 साली आग्र्याहून शिवाजी महाराज निसटले तेव्हा पलंगावर पांघरूण घेऊन हिरोजी फर्जंद झोपल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पहारेकऱ्यांना दिसत होता तो पांघरुणाबाहेरचा हात. आतला माणूस केव्हाच निघून गेला होता.

आता त्या एका एचपीचे रक्षण. शेडिंजाच्या अंगी 'वंडर गार्ड' नावाचा गुण आहे. त्याच्यावर ज्या जातीची चाल कोष्टकानुसार भारी पडते, तिचाच आघात त्याला लागतो. बाकीचे सारे वाया. कीटक आणि भूत या त्याच्या दोन जातींमुळे अशा भारी जाती पाच: अग्नी, उड्डाण, खडक, भूत आणि अंधार. उरलेल्या तेरांपुढे तो अभेद्य. 714 एचपीचा धनी ज्या प्रहाराने अर्धा होतो, तो या पोकळ कातीला स्पर्शही करत नाही.

हा हिरण्यकशिपूचा वर आहे. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही. वर मागणाऱ्याने दारांची यादी केली आणि कथेने यादीत नसलेला उंबरठा शोधला. शेडिंजाच्या वरातही असेच उंबरठे आहेत. वर आहे तो थेट प्रहाराविरुद्ध. वाळूचे वादळ हा प्रहार नव्हे, ते हवामान. फेरीच्या शेवटी ते बहुतेकांना थोडेथोडे बोचते, आणि शेडिंजाला थोडेसे पुरते. विषबाधा, भाजणे, वाटेत पेरलेले काटे, सारे तसेच. टायरॅनिटार नावाचा राक्षस नुसता रणांगणात आला तरी वाळूचे वादळ उठते, शिवाय तो स्वतः खडक आणि अंधार या जातींचा. शेडिंजाचा याहून पक्का वैरी शोधून सापडायचा नाही.

मग असा भिडू घ्यायचाच कशाला? लातूरच्या एका विद्यार्थ्याने याचे उत्तर दिले होते: "सर, त्याला खेळवायचं म्हणजे बाकीच्या पाचांनी खेळायचं."

हे उत्तर तपशिलात पाहिले पाहिजे. 2006 च्या भागांपासून 'स्टेल्थ रॉक' नावाची चाल आली. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला टोकदार दगड पेरायचे. तेथे जो नवा भिडू पाऊल ठेवील त्याला ते लागतात, आणि ते खडक जातीचे. म्हणजे शेडिंजा मैदानात पाऊल ठेवताच संपला, चाल करायची वेळच येत नाही. म्हणून आधी दुसऱ्या कुणीतरी 'रॅपिड स्पिन'सारख्या चालीने मैदान झाडून घ्यायचे, तिसऱ्याने टायरॅनिटारला आधीच गारद करायचे, चौथ्याने अग्नी जातीच्या शत्रूला थकवून ठेवायचे. प्रत्येक भिडूला सोबत एकच वस्तू बाळगता येते, ही आणखी एक अडचण. 'फोकस सॅश' बांधली तर एक प्राणघातक प्रहार पचतो, पण वादळ किंवा दगड रोखले जात नाहीत. 'सेफ्टी गॉगल्स' घातले तर वादळ सुसह्य, दगड नाहीत. 2019 च्या भागांत 'हेवी-ड्यूटी बूट्स' आले. ते घातले की दगडांचे भय गेले, वादळाचे राहिले. दारे अनेक आणि कुलूप एकच. कोणत्या दाराला लावायचे, हे समोरच्याचे सहा भिडू पाहूनच ठरवावेसे वाटते. पण ते दिसायच्या आत वस्तू ठरलेली असते.

एवढे सगळे जमून आले की मगच त्याचा प्रवेश, आणि तोही क्षण पारखून. समोरच्या भिडूजवळ 'चॉइस बँड' असेल तर त्याचा जोर दीडपट होतो, पण त्या बदल्यात तो एकाच चालीला बांधला जातो. समजा तो 'अर्थक्वेक' म्हणजे भूकंपाच्या चालीला बांधला गेला आहे. नेमक्या त्या फेरीला आपला भिडू मागे घेऊन शेडिंजा पुढे आणायचा. भूकंप होतो आणि काहीच होत नाही. (किल्लारीनंतर लहानाचे मोठे झालेले आम्ही हे वाक्य सहजपणे लिहू शकत नाही, पण खेळात ते असेच आहे.) आता प्रतिस्पर्ध्याला भिडू बदलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो बदलतो ती फेरी आपल्याला फुकट मिळते. त्या फुकटच्या फेरीत 'विल-ओ-विस्प' टाकून येणाऱ्याला भाजायचे, आणि पुढच्याच फेरीला शेडिंजाने निघून जायचे. थांबायचे नाही. अंधार जातीची 'नॉक ऑफ' ही चाल 2013 पासून अधिक जोरकस झाली आणि ज्याच्यात्याच्या हाती दिसू लागली. थांबला की ती आलीच.

दुहेरी सामन्यात आणखी एक गंमत आहे. तेथे भूकंपाची चाल स्वतःच्या जोडीदारालाही लागते, म्हणून खेळाडू ती वापरताना कचरतात. जोडीदार शेडिंजा असेल तर कचरण्याचे कारण उरत नाही. शिवाय 2010 पासून सामना सुरू होण्यापूर्वी दोघांचे सहाही भिडू एकमेकांना दिसतात, आणि दुहेरीच्या अधिकृत स्पर्धांत त्यांतले चारच निवडून उतरवायचे असतात. शेडिंजा नुसता यादीत दिसला की समोरचा अग्नी किंवा अंधार जातीचा भिडू घेतोच. मग शेडिंजाला बाहेरच ठेवून, त्या निवडीला भारी पडणारे चौघे उतरवायचे. त्याने काहीही न करता अर्धा डाव फिरवलेला असतो. रंगमंचावर न येणारे पात्र नाटक कसे हलवते हे वर्गात समजावताना आम्हांला एवढे स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळाले आहे.

अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर हसेच होणार, असे त्याचे सांगणे. गुण वस्तूत असतो हे खरेच, पण तो गुण ठरतो स्थानावर. शेडिंजाचा एक एचपी हा दोष आहे की गुण, हा प्रश्न मैदान पाहिल्याशिवाय विचारताच येत नाही. आपल्या समीक्षेत पात्रांचे 'सशक्त' आणि 'दुबळे' असे वर्गीकरण आपण ज्या सहजतेने करतो, तिच्याविषयी आम्हांला यामुळे शंका वाटू लागली आहे.

येथवर आम्हा दोघांत एकमत आहे. पुढे नाही. लातूरचा आमच्यातला म्हणतो की हे आपल्या शहरांचे चित्र आहे. 'लातूर पॅटर्न'च्या छायेत एका गुणाने मुलांचे भवितव्य फिरते. कोरडवाहू घरातून आलेल्या मुलाजवळ एकच एचपी असतो, एक आजारपण किंवा एक नापिकी आली की शिक्षण संपते. नांदेडच्या आमच्यातल्याला हा अर्थ फार सोपा वाटतो. त्याचे म्हणणे असे की शेडिंजाला कुणी दयेने चमूत घेत नाही, तो फायद्याचा आहे म्हणून घेतात. आणि पाच जण ज्याच्यासाठी मैदान झाडतात असा विद्यार्थी आपण तरी कुठे पाहिला? हा वाद मिटलेला नाही.

ज्या विद्यार्थ्याचे वाक्य वर दिले, तो दोनदा प्रवेश परीक्षेत मागे पडून मग बी.ए.ला आला होता. अंतर्गत मूल्यमापनासाठी त्याने शेडिंजावर निबंध दिला. 'यात मराठी कुठे आहे?' असा प्रश्न विभागात निघाला. प्रश्न गैर नव्हता. त्या निबंधात मराठी होती ती अशी: इंग्रजीत चाललेला सगळा खेळ त्याने डाव, भिडू, राज्य, बाद या शब्दांत मांडला होता, आणि शेडिंजाला नाव दिले होते 'कच्चा लिंबू'. जो खेळात असतो पण ज्याच्यावर राज्य येत नाही, तो. 'वंडर गार्ड'चा याहून चांगला अनुवाद आम्हांला अजून सुचलेला नाही. निबंध स्वीकारला गेला, वाद घालूनच.

2022 मध्ये आलेल्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या भागांत शेडिंजा नाही. त्या भागांत प्राण्याची जात सामन्याच्या मध्येच बदलण्याची सोय आहे. शेडिंजाला विद्युत जातीचा केले असते तर त्याला भारी पडणारी एकच जात उरली असती, भूमी. आणि खेळात फुग्याची एक वस्तू आहे. ती बाळगली की प्राणी जमिनीपासून वर तरंगतो आणि भूमीची चाल त्याला लागत नाही. म्हणून त्याला वगळले असावे, हा खेळाडूंचा तर्क. आम्ही तो वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हिरण्यकशिपूच्या वरातही 'ना जमिनीवर, ना आकाशात' होतं ना?"

होते. नरसिंहाने त्याला मांडीवर घेतले. जुन्या भागांच्या नियमांनी 'शोडाउन'वर शेडिंजा अजून खेळवता येतो, आणि आमचे विद्यार्थी तो खेळवतात.