श्रीखंडाच्या डब्यातली घड्याळे

माझ्या टेबलाच्या खणात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे आणि त्यात अकरा घड्याळे आहेत. पैकी चालू चार. "वेळ न दाखवणारी घड्याळे जमवून काय करतोस?" असे आई विचारते. तिचेही खरेच आहे. हल्ली वेळ बघायला मनगटाकडे पाहतो कोण? तरी आठवडे बाजारात भंगाराच्या पथारीपुढे मी उकिडवा बसलो की मित्र कंटाळून पुढे निघून जातात. किल्लीचे एखादे घड्याळ हाती लागले, की माझा तो दिवस सोन्याचा.

हे वेड लागले ते एका घड्याळजींच्या टपरीत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी एका घड्याळाचे पाठीमागचे झाकण काढले आणि म्हणाले, "बघ." आत एक पिवळे चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे झोके घेत होते. सेकंदाला पाच ठोके. ना बॅटरी, ना वीज. सकाळी आपण बोटांनी किल्ली दिली, तेवढीच त्याची शिदोरी. एखादे शिल्प पाहताना वाटते तसे मला वाटले. आमचे एक सर म्हणतात, जिचा काही उपयोग असतो ती कला नव्हे, कारागिरी. सरांचा मान राखूनही मला हे पटत नाही. त्यांनी अब्राहम-लुई ब्रेगेची घड्याळे, निदान चित्रात तरी, पाहावीत.

हा ब्रेगे स्वित्झर्लंडात जन्मला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आला. खिशातले घड्याळ बहुधा उभेच असते. त्यामुळे पृथ्वीचे ओढणे त्याच्या चाकाला एकाच बाजूने जाणवते आणि वेळ चुकते. यावर त्याने काय करावे? ते चाक आणि त्याचा सारा संसार एका चिमुकल्या पिंजऱ्यात घातला आणि पिंजराच गोल फिरत ठेवला. चूक नाहीशी होत नाही, पण सर्व बाजूंना वाटली जाऊन फिटते. १८०१ साली त्याने याचे पेटंट घेतले; नाव ठेवले 'तूर्बियाँ', म्हणजे वावटळ. एखाद्या कवीने ठेवावे असे नाव!

फ्रान्सच्या राणीसाठी, मारी आंत्वानेतसाठी, एक घड्याळ करण्याचे काम त्याच्याकडे १७८३ मध्ये आले. अट अशी, की तोवर माहीत असलेली प्रत्येक करामत त्यात हवी. पैशाची आणि मुदतीची चिंता नको. घड्याळ पुरे झाले १८२७ मध्ये. राणीचा शिरच्छेद होऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती, आणि खुद्द ब्रेगेही १८२३ मध्ये वारला होता. पुढे १९१७ साली सर डेव्हिड सॉलोमन्स या इंग्रज गृहस्थाने ते विकत घेतले. शंभरावर ब्रेगे त्याने जमवले. ते घबाड त्याच्या मुलीने जेरुसलेमच्या एका संग्रहालयात ठेवले, आणि १९८३ मध्ये तिथे चोरी होऊन राणीचे घड्याळही गेले. चोवीस वर्षांनी, २००७ मध्ये, ते परत मिळाल्याचे जगाला कळले. चोर त्याआधीच वारला होता. इतकी वर्षे त्याने ते विकले नाही, याचे मला नवल वाटते. (नवल कसले, थोडे समजतेच!)

आता माझ्या डब्यातल्या बाराव्या घड्याळाविषयी. ते डब्यात नसते, आजीच्या उशाशी असते. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांचे घड्याळ एच.एम.टी.चे 'जनता'. बंगलोरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ पासून जी घड्याळे होऊ लागली, त्यांतलेच. (सरकारने २०१६ मध्ये तो घड्याळांचा धंदा गुंडाळला.) तबकडीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत 'पॅराशॉक' लिहिलेले. चाकाच्या आसाची टोके केसासारखी बारीक. घड्याळ पडले की ती मोडतात. म्हणून १७९० च्या सुमारास ब्रेगेने त्या टोकांखालचे खडे स्प्रिंगवर बसवले. तीच युक्ती, वेगळ्या घडणीने, आमच्या आजोबांच्या मनगटावर सांगली ते जत फिरत होती! हे कळले तेव्हा मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

त्या हर्षातच मी घोटाळा केला. आजोबा गेल्यावर घड्याळ बंद पडले होते. ते दुरुस्त करून आजीला चकित करावे म्हणून मी पहिल्या वेतनाची वाट पाहिली (दिवाळीत एका दुकानात वह्या विकल्या) आणि दुरुस्तीबरोबर तबकडीही नवी रंगवून घेतली. कोरी करकरीत! घड्याळ टिकटिकत घरी आणले. आजीने ते कानाशी धरले, हसली. मग खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले.

"चारापाशी डाग हुता, त्यो कुठं गेला रं?"

तांदळाच्या कणीएवढा तांबूस डाग. मी तो घाण समजलो होतो. २००५ च्या महापुरात घराची कागदपत्रे पेटीत राहिली म्हणून आजोबा छातीभर पाण्यातून परत गेले होते. आजी शाळेच्या गच्चीवर दिवसभर त्यांची वाट पाहत बसली होती. पाणी घड्याळात शिरले ते तेव्हा.

मी धावत घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मान हलवली. जुना रंग रसायनाने धुवून त्याच पत्र्यावर नवा चढवला होता. पत्रा तोच, डाग गटारात. चूक त्यांची नव्हती. सांगितले ते त्यांनी केले.

परवा त्यांनी आपणहून एक जुनी तबकडी काढून ठेवली होती. 'जनता'चीच, आणि नेमका चाराजवळ डाग. पैसेही घेतले नाहीत. मी ती आजीच्या तळहातावर ठेवली. तिने चष्मा वर करून पाहिली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी हसली.

"ह्यो कुणाचा डाग बाबा?"

तबकडी मी श्रीखंडाच्या डब्यात ठेवली आहे. आजोबांच्या घड्याळाला आजी रोज सकाळी किल्ली देते.