वारज्याचा उकिरडा

परवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एका प्रशिक्षणासाठी जाणे झाले. काम दुपारीच आटोपले, म्हणून डेक्कनवरून बस धरली आणि वारज्याला मामीकडे गेलो. कर्वे रस्ता, कर्वेनगर आणि मग वारजे. कुठे एक गाव संपते आणि कुठे दुसरे सुरू होते, हे आता कंडक्टरने सांगितले तरच कळते.

खडकवासल्याच्या खाली, मुठेच्या डाव्या काठावरचे हे गाव. एका अंगाला नदीची काळी जमीन, दुसऱ्या अंगाला डोंगराकडे चढत जाणारे मुरमाड रान. खरिपात बाजरी, रब्बीत गहू किंवा ज्वारी, विहिरीजवळ मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि पहाटे पुण्याला जाणारे दूध, असे मामांचे गणित होते. दावणीला दोन बैल आणि तीन म्हशी. गोठ्यामागे बांधाला लागून उकिरड्याचा खड्डा.

त्या उकिरड्याला इतिहास होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठेचा लोंढा काठावरची रानेच्या राने खरवडून गेला. मामांच्या वडिलांच्या शेतात मातीऐवजी वाळू-गोटे उरले. म्हाताऱ्याने गोटे वेचले, गाळ आणून पसरला आणि वर्षामागून वर्षे शेणखताच्या गाड्या ओतल्या. मामा म्हणत, "हे रान आमच्या बापानं उकिरड्यातनं परत उभं केलं."

आणि हेच रान मी, त्यांचा सख्खा भाचा, बिघडवायला निघालो होतो.

साल १९९०. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, चार पुस्तके वाचून डोके वर झाले होते. मी मामांना हिशेब मांडून दाखवला. शेणखतात नत्र अर्धा टक्का. युरियाच्या पन्नास किलोच्या एका गोणीत तेवीस किलो नत्र. म्हणजे एक गोणी बरोबर नऊ गाड्या शेणखत! मग भरायचे, ओढायचे, पसरायचे कशाला? हिशेब चुकीचा नव्हता, अर्धा होता. मामांनी शिकलेल्या भाच्याचे ऐकले. शेणखत पुण्याच्या बागवाल्यांना विकले आणि रानात नुसता युरिया टाकला.

पहिल्या वर्षी गहू असा काही आला की मामांनी मला पेढे दिले. दुसऱ्या वर्षी बरा आला. तिसऱ्या वर्षी पाणी दिले की वर साचून राही, वाफसा लवकर येईना, वाळल्यावर जमीन तडकून ढेकळे होत. गहू हिरवागार वाढला, वाऱ्याने लोळला आणि दाणा बारीक निघाला. मामा काही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला आजही आठवते.

बोलली ती मामी. तिने विहिरीजवळचे चार वाफे माझ्या शास्त्रातून वाचवले होते. तिथे म्हशींचे शेण आणि चुलीची राख जात असे. मला हाताला धरून तिथे नेले नि म्हणाली, "बाळा, तुझ्या युरियाच्या रानात खुरपं घुसत न्हाई. हितं बघ, बोट घुसतंय."

माती तपासून आणली. स्फुरद कमी, सेंद्रिय कर्बही कमी. वारज्यात जे घडले, ते मोठ्या प्रयोगांतूनही निघाले आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाच्या फेरपालटीवर एकाच जागी खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. नुसते नत्र दिलेले तुकडे मागे पडले. नत्र, स्फुरद, पालाश यांची पूर्ण मात्रा आणि जोडीला शेणखत मिळालेले तुकडे पुढे राहिले.

नुसत्या शेणखताचेच गोडवे गाणाऱ्यांशीही माझे पटत नाही. आजच्या वाणांची भूक मोठी असते. बागायती गव्हाला एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश लागते. ४८ किलो नत्र एकट्या शेणखतातून द्यायचे तर जवळजवळ दहा टन, आणि तेही सारे त्याच वर्षी पिकाच्या हाती लागत नाही. एवढी जनावरे आहेत कुणाकडे?

म्हणून आम्ही दोन्ही जोडले. कुजलेले शेणखत एकरी दहा गाड्या, म्हणजे साधारण पाच टन, शेवटच्या कुळवाआधी मातीत मिसळायचे. त्यात नत्र पंचवीस किलो. पहिल्या वर्षी त्यातले तिसरा हिस्सा ते निम्मे सुटते. तेवढ्यावर हल्लीच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीतला निम्मा युरिया वाचतो. सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या शेणखतातच कालवून टाकल्या, कारण चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून बसते, शेणखताच्या संगतीने ते पिकाला जास्त मिळते. युरिया मात्र ओल्या ढिगात कालवू नका, नत्र वासावाटे उडून जाते. तो निम्मा पेरणीला आणि निम्मा तीन आठवड्यांनी, पाण्याच्या पाळीवर. मागे राहिलेल्या कसावर बाजरीही निभावते, तिला वरखताचा हात थोडा आखडला तरी चालतो. कच्चे शेण घालाल तर वाळवी, हुमणी आणि तण यांना आवतण द्याल. ज्याच्याकडे जनावर नाही त्याने जूनमध्ये ताग पेरून फुलावर येताच गाडावा. मुळशीकडच्या भातवाल्यांना गिरिपुष्पाचा पाला सोयीचा. चारसूत्री पद्धतीत तो पाला चिखलणीत गाडतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचतात. जोडणी तीच.

मामांचे रान पुरते सुधारायला चार वर्षे लागली. बिघडायला तीन पुरली होती. पण त्या सुधारलेल्या रानाचे गहू फार दिवस खायला मिळाले नाहीत. १९९७ साली वारजे महापालिकेत गेले, भाव वाढले, भावकीत वाटण्या झाल्या. मामा गेले. आज उकिरड्याच्या जागी इमारतीचे वाहनतळ आहे आणि मामी तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीतून डोंगराकडची हिरवी रेघ दिसते. तिथल्या उजाड टेकडीवर वन खात्याने आणि एका संस्थेने झाडे लावून नागरी वन उभे केले आहे. २०२० च्या पर्यावरणदिनी दिल्लीहून देशाला त्याचा दाखला दिला गेला.

"तुझ्याकडं जनावरं हायत का अजून लोकांकडं?" मामीने विचारले. मी खरे ते सांगितले. ट्रॅक्टर आले, बैल गेले. ज्यांच्याकडे म्हशी आहेत त्यांतले काही शेणखत ट्रॉलीच्या भावाने बागवाल्यांना विकतात आणि स्वतःच्या ज्वारी-गव्हाला नुसता युरिया फेकतात. माझ्या साज्यात असे किती आहेत ते मला ठाऊक आहे. बैठकीत त्यांना सांगताना मी मामांचे नाव न घेता ही गोष्ट सांगतो, भाचा कोण तेही सांगत नाही. आज इथे लिहिले.

मामीने गच्चीवर नेले. एका जुन्या पिंपाला भोके पाडून त्यात ती घरचा ओला कचरा कुजवते. शेजारी कढीपत्ता, तुळस आणि कौतुकाची चार ताटे ज्वारीची. निघताना तिने पाच किलोची पिशवी भरून हातात दिली. "रानात टाक," म्हणाली.

एसटीत कंडक्टरने पिशवीकडे बोट दाखवून विचारले, यात काय? म्हटले, खत. तो म्हणाला, "पुण्याहून गावाला खत? उलटंच की हो, साहेब."