अरुंधतीचं अंतर

लग्न एप्रिलमधलं, पारशिवनीतलं. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवामागच्या अंधारात नेलं आणि उत्तरेकडे बोट केलं. सप्तर्षींच्या शेपटातल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. पारशिवनीत नागपूरच्या दिव्यांची झाक दक्षिणेला असते. उत्तरेला पेंचचं जंगल. त्या जंगलाला जानेवारी 2024मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. दोन्ही तारे साध्या डोळ्यांना वेगवेगळे दिसले.

“मामा, हे दोघं खरंच जवळ आहेत, की नुसते एका रेषेत दिसतात?” बीएस्सी करणाऱ्या माझ्या भाचीने विचारलं. उत्तर मला येत नव्हतं. पाहुणे झोपल्यावर तिने ओसरीवर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली.

त्या आज्ञेचं नाव व्हिझक्वेरी. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या केंद्रात ताऱ्यांच्या तालिकांचं ‘व्हिझिएर’ हे भांडार 1996पासून आहे. त्यात आज वीस हजारांहून अधिक तालिका आहेत. पुण्याच्या आयुकानेही त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवली होती. गाया यानाच्या 2022च्या एकाच यादीत 180 कोटींवर नोंदी आहेत. एवढं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेण्यात अर्थ नाही. म्हणून प्रश्न तिकडे पाठवायचा आणि हव्या तेवढ्याच ओळी मागवायच्या. उत्तर साध्या अक्षरांत येतं, त्यामुळे गावातलं कमजोर नेटवर्कही पुरतं.

तिने हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांची 2007ची सुधारित तालिका निवडली. व्हिझिएरमध्ये तिचा क्रमांक आय/311. वसिष्ठाचा हिप्पार्कस क्रमांक 65378, अरुंधतीचा 65477. मागितला तो पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकल्यासारखा दिसतो तो कोन. हा कोन विकलेच्या हजाराव्या भागांत दिलेला असतो. 3262ला त्या आकड्याने भागलं की प्रकाशवर्षं मिळतात.

दोन ओळी आल्या: वसिष्ठ 38.01, अरुंधती 39.91.

मी लगेच मोबाइलवर भागाकार केला. वसिष्ठ सुमारे 86 प्रकाशवर्षं, अरुंधती 82. “चार प्रकाशवर्षांचा फरक आहे. म्हणजे आपला सूर्य आणि त्याच्या सगळ्यात जवळचा तारा यांच्यात आहे तेवढा! हे कसले जोडीदार?” मी निकाल देऊन टाकला. सकाळी गुरुजींना काय सांगायचं, तेही मनात ठरवलं.

भाचीने मात्र तीच आज्ञा पुन्हा आणली आणि आणखी एक स्तंभ जोडला: ई_पीएलएक्स, मोजमापातली त्रुटी. अरुंधतीपुढे 0.13 आलं. वसिष्ठापुढे 1.71, तेरा पटींहून जास्त. त्या त्रुटीसकट वसिष्ठ 82 ते 90 प्रकाशवर्षांत कुठेही बसतो. माझी चार प्रकाशवर्षं त्या फटीतच विरून गेली.

वसिष्ठाचं मोजमाप एवढं सैल का, हे त्या ताऱ्याकडे पाहिलं की उमगतं. छोट्या दुर्बिणीतूनही तो दोन ताऱ्यांचा दिसतो, आणि वर्णपटात त्या दोघांपैकी प्रत्येक जण पुन्हा जोडीच ठरतो. एकमेकांभोवती घुमणाऱ्या अशा ताऱ्याचं वर्षभरातलं बारीक सरकणं वेगळं काढणं अवघड. अरुंधतीलाही एक अंधूक सोबती असल्याचं 2009मध्ये जाहीर झालं. म्हणजे एकूण सहा तारे, आणि ते गुरुत्वाकर्षणाने एकमेकांशी बांधलेले असावेत असं अभ्यासक मानतात.

मला त्या रात्री सगळ्यात मोलाचा वाटला तो त्रुटीचा स्तंभ. शाळेत आम्ही अंतरं पाठ केली, पण कुठल्याही आकड्यापुढे ‘एवढं इकडेतिकडे’ असं लिहिलेलं मला आठवत नाही. व्हिझक्वेरीतही कोणते स्तंभ हवेत हे आपणच सांगतो; माझी भाची ते सांगायला विसरली नाही.

घरी कुणाला करून पाहायचं असेल तर ध्रुवताऱ्याचा हिप्पार्कस क्रमांक 11767 आहे. तालिका तीच, आज्ञा तीच. पराशयासोबत ई_पीएलएक्सही मागा.