आमच्या घरातलं भंगार

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा व्हरांड्यात पाय ठेवतो आणि हमखास विचारतो, "वहिनी, सायकलींचं दुकान काढलंत की काय?"

प्रश्न चुकीचा नाही. व्हरांड्यात तीन सायकली, जिन्याखाली दोन आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली सुट्या चाकांचा ढीग. सगळ्या जुन्या, सगळ्या पोलादी आणि सगळ्या जाड टायरच्या. आमचे हे त्यांना 'माउंटन बाइक' म्हणतात. मी मात्र बरीच वर्षं त्यांना एकाच नावानं ओळखत होते, ते म्हणजे भंगार.

हे जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत फिटर होते. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यानं लष्कराला शक्तिमान ट्रक दिले, जोंगा दिल्या. पण ती वाहनं बांधणारे हात कामावर जायचे ते सायकलनं. भोंगा झाला की रांझीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा सुटायचा. काळ्या, उंच, सळ्यांच्या ब्रेकच्या सायकली आणि हँडलला लटकणारे डबे. १९८१ मध्ये लग्न होऊन मी नागपूरहून इथं आले, तेव्हा त्या लोंढ्यात 'आपले' कोणते हे ओळखायलाच मला चार महिने लागले.

आमच्या चिरंजीवांना मात्र ती काळी सायकल नको होती. तेव्हा रेंजर आणि हर्क्युलिस एम.टी.बी.ची हवा होती. सरळ हँडल, सव्वीस इंची चाकं, खाचाखाचांचे जाड टायर. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी निकाल दिला, "हिला कॅरियर नाही. दळण कसं आणायचं?"

तरीही १९९५ च्या जूनमध्ये, मुलगा सातवीत गेला तेव्हा, ह्यांनी दोन महिने ओव्हरटाइम करून निळ्या रंगाची तशी सायकल आणली. आणल्या संध्याकाळी ती उलटी केली आणि पेडलच्या आसापाशी, फ्रेमच्या बुडाला, नंबर पंच ठोकून तारीख उमटवली. वीज गेली होती. कंदील धरून मी उभी होते. "चोरीला गेली तर ओळखता येईल," हे म्हणाले.

त्या सायकलवरून पोरगा मदनमहालच्या टेकड्या पालथ्या घालायचा. १९९७ साली २२ मे रोजी पहाटे भूकंप झाला. आम्ही जीव मुठीत धरून अंगणात धावलो. मी सासूबाईंना धरलं होतं, ह्यांनी धाकटीला उचललं होतं आणि चिरंजीव आले ते सायकल ढकलत! त्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली, पण मदनमहालच्या वाटेवरचा तो तोल सांभाळून बसलेला दगड जागचा हलला नाही. पोरगा सायकलवरून जाऊन बघून आला आणि घरोघर सांगत सुटला.

२००१ मध्ये तो शिकायला पुण्याला गेला. सरळ गेला नाही. ह्यांना वाटत होतं, त्यानं कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागावं, हक्काची नोकरी करावी. त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. शब्दानं शब्द वाढला. "तुमच्यासारखं मला आयुष्यभर भोंग्यावर जगायचं नाही," असं तो बोलून गेला. पुढं त्याचं सगळं छान झालं. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगाही झाला. पण बापलेकांत जे तुटलं ते तुटलंच. भांडण असं नव्हतं, नुसतं बोलणं संपलं होतं. फोन आला की हे दोन वाक्यं बोलायचे आणि रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे.

२०१७ मध्ये हे निवृत्त झाले. पहिले दोन महिने घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. मग एके दिवशी जिन्याखालून निळी सायकल बाहेर निघाली आणि माझा व्हरांडा गेला. रॉकेलमध्ये बुडवलेली चेन माझ्या जुन्या परातीत! रिमवरचा गंज काढायला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद! (मैत्रिणींनो, हा उपाय मात्र खरंच गुणाचा आहे. कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासा, क्रोमवरचा गंज निघून लख्ख होतं.) एक झाली, मग दुसरी आली. कुणाच्या अंगणात जाड टायरची जुनी सायकल कुजताना दिसली की हे थांबलेच.

मी कुरकुर केली की मला इतिहास ऐकावा लागे. "अगं, ही सायकल जन्मालाच भंगारातून आली आहे," हे सांगत. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७० च्या दशकात काही पोरांनी १९३०-४० च्या सुमाराच्या जड पोलादी सायकली अडगळीतून शोधून काढल्या आणि माउंट टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून त्या खाली सोडल्या. १९७६ मध्ये तिथं शर्यत सुरू झाली, तिचं नाव 'रिपॅक'. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ यानं खास डोंगरासाठी पोलादी फ्रेम बांधली. १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' नावाची सायकल कारखान्यातून बाजारात आली आणि १९९६ मध्ये तर हा खेळ थेट ऑलिंपिकमध्ये गेला.

"असेल," मी म्हणायची, "पण त्या ऑलिंपिकवाल्यांची परात कोण घासतं?"

माझ्या एक लक्षात आलं नव्हतं. या सायकलींच्या निमित्तानं रविवारचा फोन लांबू लागला होता. पुण्यात मुलानंही सायकल घेतली होती. "बाबा, फ्रीव्हील मिळालं का?" "मिळालं, पण छर्रे झिजलेत." "मागच्या चाकाचा आउट निघाला?" मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि मनात म्हणे, काय हे लोखंडाचं पुराण!

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी हे नागपूरला एका लग्नाला गेले. मी साफसफाई काढली. दारावर कबाडीवाला आला. जिन्याखाली चाकं नसलेला, रंग खरवडलेला एक सांगाडा पडला होता. सगळ्यात भिकार दिसत होता तोच. बाजूला सुटी चाकं आणि चिमटा. मी सगळं काढून दिलं. तीनशे चाळीस रुपये आले. त्यातून पणत्या आणल्या.

हे परत आले. जिन्याखाली वाकून पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "निळी गेली."

"अहो, निळी कुठली? तो तर रंग उडालेला..."

"रंग मीच काढला होता. डिसेंबरात नातू येतोय. बारा वर्षांचा झालाय. पुन्हा निळा रंग देऊन त्याला द्यायची होती. आम्ही दोघांनी ठरवलं होतं."

आम्ही दोघांनी! किती वर्षांनी ह्यांच्या तोंडून मी ते शब्द ऐकले होते.

त्या रविवारी फोन आला. "हो. बरा आहे. थंडी नाही अजून. घे, आईशी बोल." एका मिनिटात संपला. ह्यांनी त्याला काही सांगितलं नाही आणि माझ्याच्यानं बोलवेना. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एक सांगाडा विकला नव्हता. बापलेकांना आपसात बोलायला जो एक विषय उरला होता, तोच मी तीनशे चाळीस रुपयांना विकला होता.

सकाळी ह्यांना न सांगता मी कबाडीवाल्याला गाठलं. "माँजी, वो तो गुरंदी चला गया," तो म्हणाला. गुरंदी बाजार म्हणजे जबलपूरच्या जुन्या सामानाचं माहेरघर. रिक्षा केली. वयाच्या साठीनंतर पदर खोचून मी लोखंडाचे ढीग उपसत होते. दुकानदार हसत होते. एका दुकानात सायकलींचे सात-आठ सांगाडे होते, सगळे एकसारखे. मी एकेक उलटा करून बुडाशी बोट फिरवत गेले. पाचव्यावर बोटाला खाचा लागल्या. पदरानं पुसलं. १५-६-९५.

चाकं गेली होती, चिमटाही गेला होता आणि मागची एक नळी करवतीनं कापलेली होती. किंमत नऊशे. मी घासाघीस केली नाही.

सांगाडा व्हरांड्यात ठेवला. ह्यांनी चष्मा लावला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखून उभी.

"पोलाद आहे," हे म्हणाले. "जुळेल."

मग मला पुन्हा धडा मिळाला, पण या वेळी मी कान देऊन ऐकला. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी खरी, पण कारखान्यात तिला ठरावीक उष्णता देऊन बळकट केलेली असते. जोड दिला की त्या जागी ते बळ जातं आणि पुन्हा सगळी भट्टीत घालावी लागते. साध्या पोलादाचं तसं नसतं. गॅसची ज्योत आणि पितळेची कांडी हाताशी असली की जाणता कारागीर गल्लीतही ते जोडतो. पितळ पोलादाच्या आधी वितळतं, सांध्यात झिरपतं आणि धरून ठेवतं. ह्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेल्या एका वेल्डरनं आत पोलादी खुंटी घालून अर्ध्या तासात नळी जोडली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पुढच्या रविवारी फोन मी उचलला आणि मुलाला सगळं सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यानं विचारलं, "बाबांना दे. कुठली नळी कापली होती?" त्या दिवशी फोन पाऊण तास चालला. माझी भाजी करपली.

डिसेंबरात तिघं आले. दोन दिवस व्हरांड्यात बापलेक पाठीला पाठ लावून चाकांचे स्पोक आवळत होते. २००१ चा विषय कुणीच काढला नाही. एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या हाताला जे येतं ते मला अजून येत नाही." हे काही बोलले नाहीत. पाना पुढं केला फक्त. नातू निळ्या सायकलवरून मदनमहालचा दगड पाहून आला आणि कोपर फोडून घेऊन हसत घरी आला.

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई अवश्य करा. पण घरातल्या माणसाच्या पसाऱ्याला हात लावण्याआधी एकदा विचारा, त्याचं यात काय गुंतलं आहे. मी विचारलं नव्हतं.

कालच तो कबाडीवाला पुन्हा दारावर आला. "माँजी, कुछ देना है?"

"देना नहीं, लेना है," मी म्हटलं. "मोटे टायरवाली पुरानी सायकल आई तो पहले इधर लाना."

व्हरांड्यातून ह्यांनी मान वर करून पाहिलं. मी परात घेऊन आत गेले.