जाई नेमकं करते काय?

लोणावळा लोकलमध्ये आज भाचीशी चांगलीच जुंपली. कारण ‘जाईची नवलकहाणी’. लुईस कॅरलच्या १८६५ सालच्या अ‍ॅलिसला भा. रा. भागवतांनी दिलेला मराठी अवतार.

"मावशी, ही करते काय? सगळं आपोआप घडत जातं. ना राक्षस मारायचा, ना खजिना शोधायचा!" तिला फास्टर फेणे हवा. तोही भागवतांचाच. सायकलवर टांग मारली की स्वारी निघाली.

मघापासून कान देऊन ऐकणाऱ्या, कामशेतला चढलेल्या आजी पायाशी पाटी सरकवत म्हणाल्या, "राणी मुंडकं उडवीन म्हणती नि पोर तिला उलट बोलती. आजून काय करायचं तिनं?"

मला आजींचं पटलं. घटकेत टीचभर, घटकेत ताडमाड होणारी पोर प्रश्न विचारणं काही सोडत नाही. आपल्या बालसाहित्यात मुलींना वाट चुकायला परवानगीच कमी. धाडसं सगळी मुलांची.

मळवलीला लोहगडाचा विंचूकाटा ढगातून जेमतेम दिसला. भाची म्हणाली, "माझी नायिका तिथेच वाट चुकेल."

"म्हणजे जाईच की!"

"छे! माझ्या नायिकेकडे सायकल असेल."

लोहगडावर सायकल कोण चढवणार, ते तिने अजून ठरवलेलं नाही.